कोयनेचा भूकंप: धरणाने किती केले, प्लेटने किती?

कोयना धरणाच्या पोटातून निरीक्षणासाठी गॅलरी जाते. तिथे, मोनोलिथ १-अ मध्ये (मोनोलिथ म्हणजे धरणाच्या भिंतीचा एक स्वतंत्र ठोकळा), १९६७ साली एक त्वरणलेखक बसवलेला होता. हे यंत्र एरवी निपचित असते. ठरावीक जोराचा हादरा बसला की आपोआप सुरू होते आणि पायाखालची जमीन किती जोराने हलली ते कागदावर उतरवते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ते सुरू झाले. धरणाच्या लांबीच्या दिशेत त्याने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेत ०.४९ पट आणि उभ्या दिशेत ०.३४ पट त्वरण टिपले. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५.

हे दोन आकडे थेट एकमेकांसमोर ठेवून ‘बारापट जास्त’ असे म्हणणे बरोबर नाही. ०.६३ हा क्षणभराचा सर्वोच्च झटका आहे, ०.०५ हा सतत लागणारा आडवा जोर मानून केलेला हिशेब आहे. पण तफावत एवढी मोठी आहे की तिच्यामागची समजूत उघड व्हावी: दख्खनचे पठार म्हणजे जुनी, थंड, स्थिर जमीन, इथे मोठा भूकंप होणार नाही. तोवरच्या देशाच्या भूकंप नकाशात तर ‘शून्य’ नावाचा विभागच होता. १९७० च्या सुधारणेत तो काढून टाकला गेला आणि कोयना परिसर विभाग ४ मध्ये आला.

भूकंपाची तीव्रता ६.३ होती. सुमारे २०० माणसे गेली, दीड हजारावर जखमी झाली, कोयनानगरमधली बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. मुंबईची वीज गेली, कारण तिचा मोठा वाटा इथून जात होता. वेळ पहाटेची, त्यामुळे सगळे घरात. भिंती दगडाच्या होत्या, आणि अशा भिंतींचा दोष ठरलेला असतो: बाहेरचा आणि आतला असे दोन पापुद्रे स्वतंत्र रचलेले, मधे खडी-मातीची भर, आणि दोन्ही पापुद्र्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. आडवा झटका बसला की पापुद्रे फुगून एकमेकांपासून सुटतात आणि छताचे वजन खाली येते.

प्रकरणाचा मुख्य प्रश्न मात्र वेगळा आहे. प्लेटच्या कडेपासून दूर, पठाराच्या पश्चिम काठावर, नुकत्याच भरलेल्या जलाशयाशेजारी एवढा भूकंप का झाला? एका बाजूचे उत्तर होते ‘धरणामुळे’. दुसऱ्या बाजूचे होते ‘धरणाचा काही संबंध नाही, हा भूगर्भातला नैसर्गिक भूकंप’. आमच्या मते दोन्ही उत्तरे अर्धी आहेत, आणि ती जोडायची तर आधी हिशेब करावा लागतो.

जागा

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या रांगेला समांतर, जवळजवळ सरळ दक्षिणेकडे वाहत येते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. नदी इतकी सरळ वाहते आणि मग इतकी अचानक वळते, तेव्हा भूशास्त्रज्ञाची नजर तिच्या पात्राखाली जातेच. खडकातली जुनी फट किंवा भ्रंश पाण्याला आयती वाट करून देतो. धरण या वळणाच्या अलीकडे आहे. उंची १०३ मीटर. मूळ साठवण ९८.७८ टीएमसी, म्हणजे सुमारे २८० कोटी टन पाणी. जलाशय, म्हणजे शिवाजीसागर, १९६१-६२ पासून भरू लागला.

दिसतो तो सगळा काळा कातळ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारताची प्लेट आजच्या रियुनियन बेटाखाली असलेल्या उष्ण स्तंभावरून सरकत असताना, लाव्हा थरावर थर पसरला. विहीर खणणाऱ्याला हे थर चांगले ठाऊक असतात: वर मुरूम, मग घट्ट काळा पाषाण, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, मधेच तांबड्या मातीचा पट्टा, आणि पुन्हा पाषाण. घट्ट थरात पाणी शिरते ते फक्त उभ्या सांध्यांतून. मांजऱ्यात आणि तांबड्या पट्ट्याच्या आसपास ते आडवे पसरते. कोयनेच्या परिसरात या कातळाची एकूण जाडी एक किलोमीटरच्या आसपास आहे. त्याखाली ग्रॅनाइट आणि नाइस, अडीच अब्ज वर्षांहून जुने. भूकंप होतात ते या जुन्या खडकात. त्यामुळे ‘दख्खनच्या बसाल्टमधला भूकंप’ हा शब्दप्रयोग चुकीचाच. बसाल्ट ही नुसती वरची गोधडी आहे.

त्याखाली काय आहे, हे इथे प्रत्यक्ष मोजलेले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात कोयनेच्या दोन बाजूंनी, गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर, सुरुंगांचे स्फोट करून लहरी खोलवर पाठवल्या आणि परत आलेल्या प्रतिध्वनींवरून कवचाची जाडी काढली: ३६ ते ४० किलोमीटर. तिथे प्राथमिक लहरींचा (भूकंपाच्या सर्वांत आधी पोहोचणाऱ्या लहरींचा) वेग ६-७ किलोमीटर प्रति सेकंदावरून एकदम ८ च्या आसपास जातो. ही कवच आणि त्याखालचा थर, म्हणजे प्रावरण, यांची सीमा.

‘प्लेट’ म्हणजे नुसते कवच नव्हे, हा गोंधळ अभ्यासक्रमाची पुस्तके वाचूनही राहतो. कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा थंड, कडक भाग मिळून प्लेट होते. जाडी साधारण १०० किलोमीटर किंवा अधिक. तिच्याखालचे प्रावरणही घनच असते, पण तापून इतके मऊ पडलेले की लाखो वर्षांच्या हिशेबात वाहते. प्लेट ज्यावर तरंगते तो लाव्हाचा समुद्र नाही. खरोखर द्रव असा थर आहे तो २,८९० किलोमीटरच्या खाली, बाह्य गाभ्यात.

तो द्रव आहे हे कळते भूकंपांमुळेच. दुय्यम लहरी, म्हणजे मागून येणाऱ्या, द्रवातून जात नाहीत आणि प्राथमिक लहरी गाभ्याच्या सीमेवर वाकतात. त्यामुळे कोणत्याही भूकंपापासून, पृथ्वीच्या केंद्राशी मोजलेल्या १०४ ते १४० अंशांच्या दरम्यान, छायेचा पट्टा पडतो; तिथे या लहरी सरळ पोहोचत नाहीत. कोयनेपासून न्यूयॉर्क सुमारे १२,७५० किलोमीटरवर, म्हणजे ११५ अंशांच्या आसपास आहे. ११ डिसेंबरच्या लहरी युरोपात आणि जपानमध्ये सरळ पोहोचल्या. न्यूयॉर्कच्या वाटेवर मात्र गाभा आडवा आला.

पुण्याचे गणित जवळचे आहे. कोयनानगर ते पुणे सरळ रेषेत सुमारे १२६ किलोमीटर. प्राथमिक लहर ६ किलोमीटर प्रति सेकंदाने २१ सेकंदांत, दुय्यम लहर ३.५ ने ३६ सेकंदांत पोहोचते. दोहोंत १५ सेकंदांचे अंतर. या अंतराला ८.४ ने गुणले की भूकंपाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. आजही संगणकाचे उत्तर तपासायला हा गुणाकार हाताशी ठेवावा. चुकीची लहर निवडली गेली असेल तर लगेच लक्षात येते.

ढकलतो कोण?

भारताची प्लेट गोंडवन या जुन्या महाखंडातून सुटून उत्तरेला निघाली, एका टप्प्यात वर्षाला १५ सेंटीमीटरहून अधिक वेगाने, आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी युरेशियाला धडकली. धडकून थांबली नाही. आजही ती वर्षाला ४ ते ५ सेंटीमीटर सरकते. त्या पहाटेपासून आजवर कोयनानगर स्वतः युरेशियाच्या मानाने सुमारे अडीच मीटर उत्तरेला गेले आहे.

मागून, अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग कटकाजवळ (कटक म्हणजे समुद्रतळावरची डोंगररांग) नवा समुद्रतळ तयार होतो आणि उंच कटक प्लेटला ढकलतो. समोर हिमालय अडवतो. मधल्या पठारावर दोन्हीकडून दाब. जीपीएसने पाहिले तर पठाराच्या आत दोन ठिकाणांमधले अंतर वर्षाला एक-दोन मिलिमीटरही बदलत नाही, म्हणजे पठार जवळजवळ एकसंध सरकते. पण एकसंध सरकणे म्हणजे ताणमुक्त असणे नव्हे. शिकंज्यात घट्ट पकडलेला दगडही हलत नाही. त्यात जुनी भेग असेल आणि ती दाबाच्या दिशेला अडनिड्या कोनात असेल, तर सगळा ताण तिच्यावर गोळा होतो.

कोयनेत अशी भेग आहे. १९६७ च्या भूकंपाची घसरण जवळजवळ उभ्या भ्रंशावर झाली. भ्रंशाची दिशा उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य, घसरण आडवी आणि डावखुरी. म्हणजे एका बाजूला उभे राहून पाहिले तर समोरची बाजू डावीकडे सरकली. जमिनीवर दिसलेल्या भेगांच्या पट्ट्यात दोनाचीवाडी होती, म्हणून नाव पडले दोनाचीवाडी भ्रंश. उत्तरेकडच्या दाबाखाली या दिशेच्या भ्रंशाने अशीच घसरण करायला हवी. इथवरचा पुरावा प्लेटच्या बाजूचा आहे.

पाण्याचे वजन आणि पाण्याचा दाब

आता धरणाच्या बाजूचा हिशेब. धरणाजवळ ८० मीटर खोल पाणी धरले तर तळावर दाब येतो ०.८ मेगापास्कल, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ८ किलो. मोटारीच्या टायरातल्या हवेच्या साडेतीन-चारपट. सहा किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा स्वतःचा भार किती? घनता २.७ धरून सुमारे १६० मेगापास्कल. म्हणजे तळ्याचा भार थेट, न पसरता, तिथवर पोहोचला असे मानले तरी तो अर्धा टक्का. प्रत्यक्षात तो पसरून आणखी कमी होतो. नुसत्या वजनाने खडक मोडला हे म्हणणे इथेच पडते. उलट उभ्या भ्रंशावर वरून आलेले वजन काही वेळा त्याला घट्टच करते.

खरे काम करतो तो भेगांमधल्या पाण्याचा दाब, रंध्रदाब. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींवर जितक्या जोराने दाबलेल्या, तितके घर्षण जास्त. मधे पाणी दाबाखाली असेल तर ते दोन्ही बाजूंना ढकलून तो जोर तेवढाच कमी करते. उदाहरणादाखल आकडे घेऊ: भ्रंशावर काटकोनातला दाब १२० मेगापास्कल, रंध्रदाब ६०. उरला ६०. घर्षणांक ०.६ धरला तर भ्रंश ३६ मेगापास्कलपर्यंतचा घासताण, म्हणजे दोन बाजूंना एकमेकींवरून सरकवू पाहणारा ताण, सोसेल. आता रंध्रदाब फक्त ०.५ ने वाढला. उरला ५९.५, सोसण्याची मर्यादा ३५.७. ज्या भ्रंशावर आधीच ३५.७ चा ताण आहे तो घसरेल. ज्यावर ३० आहे त्याला कळणारही नाही.

या प्रकरणाची किल्ली या दोन वाक्यांत आहे. ३५.७ पर्यंत ताण आणला प्लेटने, कित्येक हजार वर्षे घेऊन. शेवटचा ०.३ धरणाने काढून घेतला. म्हणून जाणकार ‘धरणाने निर्माण केलेला’ असे न म्हणता ‘धरणाने चेतवलेला’ भूकंप म्हणतात. शब्दाचा हा कीस नाही; कारण दुसरा अर्थ घेतला तर धरण नसते तरी हा भूकंप कधीतरी झालाच असता, फक्त केव्हा ते कोणी सांगू शकले नसते.

दाब खाली पोहोचायला वेळ लागतो. खडकात दाब पसरण्याचा गुणांक सेकंदाला १ चौरस मीटर धरला, जो जलाशयांजवळच्या भूकंपांत नेहमी आढळणाऱ्या पल्ल्यात बसतो, तर ५ किलोमीटर अंतर कापायला अंतराचा वर्ग भागिले गुणांकाची चौपट, म्हणजे ६२.५ लाख सेकंद, सुमारे ७२ दिवस. पाणी स्वतः तेवढ्या दिवसांत ५ किलोमीटर खाली जाते असा याचा अर्थ नाही. भरलेल्या नळीच्या एका टोकाला दाब दिला की दुसऱ्या टोकाला तो जाणवतो, तसे हे आहे.

तारखा काय सांगतात

जलाशय भरू लागला आणि १९६२ पासून परिसरात हादरे व जमिनीतून येणारा गडगडाट सुरू झाला. भूकंपमापक बसले ते १९६३ पासून. इथेच या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली चूक आहे: पाणी अडवण्याआधीची एकही स्थानिक नोंद नाही. ‘आधीही असे बारीक हादरे होत असतील, यंत्र नव्हते म्हणून कळले नाहीत’ हा आक्षेप पुढे कित्येक वर्षे खोडता आला नाही. तळ्याआधी दोन वर्षे तीन-चार यंत्रे चालली असती तर वाद एका आलेखात मिटला असता.

१९६७ च्या पावसाळ्यात तळे भरले आणि पाणी आधीच्या वर्षांपेक्षा जास्त काळ वर राहिले. १३ सप्टेंबरला ५ हून मोठा भूकंप झाला. तीन महिन्यांनी ११ डिसेंबर.

पुढच्या वर्षांनी नमुना पक्का केला. इथली भूकंपांची संख्या वर्षात दोनदा वर जाते: एकदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तळे भरल्यानंतर लगेच, आणि एकदा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास, जेव्हा पावसाळ्यात दिलेला दाब खोलवर मुरलेला असतो आणि वरची पातळी उतरत असते. या क्षेत्राचा सर्वाधिक काळ अभ्यास केलेले हर्ष गुप्ता यांनी दोन कसोट्या मांडल्या. पातळी आठवड्यात १२ मीटरहून जास्त वेगाने चढली असेल तरच ५ च्या वरचा भूकंप होण्याची शक्यता धरावी. ही अट आवश्यक, पण पुरेशी नव्हे. आणि दुसरी, पातळीने आधीचा उच्चांक मोडला की धोका वाढतो, जणू खडकाला मागचा सर्वांत मोठा भार आठवतो. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये आणि १९८० च्या सप्टेंबरमध्ये ५ च्या वर गेलेले भूकंप याच चौकटीत पाहिले जातात.

दक्षिणेला वारणा नदीवर चांदोलीचे धरण १९८५ पासून भरू लागले, आणि १९९३ पासून हालचालींचा पट्टा त्या बाजूला पसरला. तिथले भ्रंश वेगळ्या जातीचे आहेत: दिशा वायव्य-आग्नेय, घसरण खाली बसणारी. दोन जलाशय, दोन प्रकारचे भ्रंश, पण सगळे क्षेत्र मिळून जेमतेम २० गुणिले ३० किलोमीटर. एवढ्याशा तुकड्यात १९६२ पासूनच्या पहिल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत ५ च्या वरचे २२ आणि ४ च्या वरचे सुमारे २०० भूकंप झाले, बहुतेक १० किलोमीटर खोलीच्या आत.

आक्षेप

पहिला आणि योग्य आक्षेप: उजनीत कोयनेपेक्षा जास्त पाणी मावते, जायकवाडीही जवळपास तेवढेच, मग तिथे असे का होत नाही? एक कारण खोली. ती धरणे पसरट आहेत. उंची जायकवाडीची ४० मीटरच्या आसपास, उजनीची ५५-५६. आकारमान महत्त्वाचे नाही, पाण्याची उंची महत्त्वाची, कारण दाब उंचीवर ठरतो. पण हे कारण अर्धेच आहे. जगात १०० मीटरहून उंच धरणे खूप आहेत, आणि ६ च्या वरचे भूकंप घडलेली मोजकीच: चीनमधले शिनफेंगज्यांग १९६२, झांबिया-झिंबाब्वे सीमेवरचे करिबा १९६३, ग्रीसचे क्रेमास्टा १९६६ आणि कोयना. दाब मिळाला तरी तो घेणारा, मर्यादेपाशी आलेला भ्रंश खाली असावा लागतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे, तीव्रता ६.२, मृत्यू सुमारे १० हजार. कोयनेसारखे मोठे तळे तिथे नव्हते. हा आक्षेप खरे तर आमच्या मांडणीला बळ देतो. पठाराच्या पोटात मर्यादेपाशी आलेले भ्रंश आहेत. कुठे पाणी त्यांना चेतवते, कुठे ते आपल्या वेळेने घसरतात. जवळपास तेवढीच तीव्रता असून किल्लारीत मृत्यू कित्येक पटींनी जास्त, कारण दाट वस्ती, मातीत रचलेल्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाचे वजन.

धरणाला काय झाले

धरण फुटले नाही. तडे मात्र गेले, आणि ते कुठे गेले हे पाहण्यासारखे आहे. पाणी न सांडणाऱ्या मोनोलिथांची जाडी तळाला ७० मीटर, माथ्याला १४.८ मीटर. प्रवाहाच्या खालच्या अंगाचा उतार तळापासून ६६.५ मीटर उंचीवर एकदम बदलतो. तिथून वर भिंत जवळजवळ सरळ जाते. मोठे तडे नेमके याच पातळीवर, आडवे, दोन्ही अंगांना. काही ठिकाणी खालच्या बाजूला पाणी पाझरले.

कारण गणिती आहे. असा मोनोलिथ सेकंदाला सुमारे ३ वेळा डोलतो, आणि जवळच्या, उथळ भूकंपात याच पल्ल्यातली शक्ती भरपूर असते. माथा चाबकासारखा हलतो, खालचा रुंद भाग हलत नाही, आणि दोहोंच्या सांध्यावर, जिथे आकार कोनात मोडतो, ताण एकवटतो. काँक्रीट दाब सोसते, ओढ सोसत नाही. स्थिर भाराच्या हिशेबात ही पातळी कधीच कमकुवत दिसत नाही, कारण त्या हिशेबात सर्वांत मोठा ताण तळाशी येतो. आराखडा तपासणाऱ्याने म्हणून एकच प्रश्न आधी विचारावा: डोलण्याचा हिशेब केला आहे का, की नुसता गुणांक लावला आहे?

दुरुस्ती तीन प्रकारे झाली. तडे इपॉक्सीने भरले, माथ्याकडून खाली ताणलेल्या पोलादी केबलांनी वरचा भाग खालच्याशी जखडला, आणि नंतर न सांडणाऱ्या भागाला खालच्या अंगाने काँक्रीटचे आधारस्तंभ दिले. त्यांनी उताराची ती मोड भरून काढली.

नव्या तळ्यासाठी कामाची यादी, थोडक्यात

पाणी अडवण्याच्या किमान दोन वर्षे आधी यंत्रे चालू करावीत. खोली विश्वासार्ह हवी असेल तर भूकंपाच्या खोलीएवढ्याच अंतराच्या आत एक तरी यंत्र हवे. ५ किलोमीटर खोलीच्या भूकंपाला २५ किलोमीटरवरचे यंत्र जागा सांगेल, खोली सांगणार नाही. कोयनेच्या सुरुवातीच्या खोल्यांमध्ये हाच दोष होता, आणि त्यात भर म्हणून बसाल्टच्या वेगवान-मंद थरांसाठी एकच सरासरी वेग वापरण्याची सवय. पातळी दररोज नोंदवावी आणि भूकंपांच्या यादीशेजारी मांडताना थेट पातळीबरोबरच तिचा आठवड्याचा चढही मांडावा. तळे शक्य तितके संथ भरावे, आधीचा उच्चांक ओलांडायचा असेल तर विशेषतः. कोयनेसारख्या ठिकाणी हे सांगणे सोपे, करणे अवघड: जुलै-ऑगस्टमध्ये नवजा-महाबळेश्वरचा पाऊस आठवड्यात तळे फुगवतो, आणि दरवाजे उघडावेत तर खाली कऱ्हाड-सांगली पुराच्या तोंडी.

यादीतले छोटे-मोठे भूकंप यांचे प्रमाणही पाहावे. चेतवलेल्या भूकंपमालिकेत लहान हादऱ्यांचा वाटा साधारण मालिकेपेक्षा जास्त असतो, मुख्य धक्क्याआधी पूर्वहादरे असतात, आणि सर्वांत मोठा पश्चात धक्का मुख्य धक्क्याच्या बराच जवळचा असतो. यांपैकी एकच खूण दिसली म्हणून निष्कर्ष काढू नये; तिन्ही एकत्र दिसल्या आणि पातळीशी मेळ बसला तर काढावा.

खाली उतरून पाहणे

इतके सगळे वरून केलेले अनुमान होते. २०१२ नंतर परिसरात १,५०० मीटरपर्यंतची नऊ विवरे, म्हणजे खडकात पाडलेली खोल भोके, घेतली गेली आणि काहींत खाली भूकंपमापक सोडले. वाऱ्याचा, पावसाचा, वाहनांचा गोंगाट तिथे पोहोचत नाही, म्हणून पृष्ठभागावर कधीच न दिसणारे बारीक हादरेही स्पष्ट दिसतात. रासाटी गावच्या विवरात ९३२.५ मीटरवर बसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटी तळ लागला, मधे गाळाचा एकही थर नाही. किल्लारीच्या विवरात बसाल्ट अवघा ३३८ मीटर होता.

मग गोठणे गावचे विवर. डिसेंबर २०१६ ते जून २०१७, खोली ३,०१४ मीटर, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कऱ्हाडच्या विवर भूभौतिकी प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली. इथे बसाल्ट १,२४७ मीटर. रासाटीपेक्षा तीनशे मीटर जास्त, पण गोठणे डोंगरावर आहे. खालचा ग्रॅनाइटचा माथा मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच पातळीला, समुद्रसपाटीच्याही खाली. विवरातल्या मोजमापांनी दोन गोष्टी सांगितल्या. तीन किलोमीटरपर्यंत खडकात पाणी आहे आणि ते मूळचे पावसाचे आहे, म्हणजे वरून खाली वाट आहे. आणि इथला खडक ताणाच्या मर्यादेपाशीच आहे. थोडासा फरकही त्याला पुरतो. वरच्या उदाहरणातला ३५.७ चा भ्रंश म्हणजे नुसते कागदावरचे गणित नव्हते.

विवर ३,०१४ मीटरवर थांबले. बहुतेक हादऱ्यांची नाभी, म्हणजे ते जिथे सुरू होतात ती जागा, त्याच्या खाली आहे, आणखी एक-दोन किलोमीटरपासून पुढे.